शाळा सुटल्यानंतरच्या तीन तासांचा हिशेब

शाळा सुटते आणि आई-बाप कामावरून घरी येतात, या दोन वेळांच्या मध्ये रोज दोन-तीन तास उरतात. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्या घरात हे तास ट्युशन, अबॅकस आणि क्रिकेट कोचिंगने भरलेले असतात. बाकीच्यांची पोरं कुठे असतात? पारावर, टपरीवर, मोबाईलमध्ये डोकं घालून, नाहीतर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन.

या तासांसाठी काहीतरी करायला हवं, यावर कुणाचंच दुमत नसतं. म्हणून अभ्यासिका निघतात, संध्याकाळचे वर्ग निघतात, संस्कार वर्ग निघतात. भांडण लागतं ते पुढच्या प्रश्नावर. केलं त्याचा उपयोग झाला का? आणि तो झाला की नाही हे शोधून काढायला पैसे कुणी द्यायचे?

या दुसऱ्या प्रश्नावर अमेरिकेत ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक देवमाणूस डॉक्टर आहे, एक चिवट संशोधिका आहे, राष्ट्राध्यक्ष आहेत आणि चक्क अर्नोल्ड श्वार्झनेगरसुद्धा आहे. मजकूर लांब आहे, पण वाचा. गोष्ट बोस्टनजवळ सुरू होत असली तरी पुढे मुंबईच्या वस्तीत आणि मग आपल्या दारात येते.

शाळा सुटल्यावर मुलांना एकत्र जमवण्याचा उद्योग तिकडे जुना आहे. १८६० मध्ये हार्टफर्ड शहरात गरीब मुलांसाठी पहिला 'बॉईज क्लब' निघाला. १८८९ मध्ये जेन ॲडम्स यांनी शिकागोत 'हल हाऊस' सुरू केलं, तिथे स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी वर्ग चालत. हे सगळं देणग्यांवर चालायचं. देणगीदाराला मुलं दिसायची, स्वच्छ कपडे दिसायचे, गाणी ऐकू यायची. एवढ्यावर समाधान व्हायचं. मोजमाप कुणी मागत नव्हतं.

ते मागितलं रिचर्ड क्लार्क कॅबट या बोस्टनच्या डॉक्टरने. कॅबट म्हणजे साधा माणूस नव्हे. हार्वर्डमध्ये प्राध्यापक, आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९०५ साली समाजसेवा विभाग सुरू करणारा. औषधाचा गुण येतो की नाही हे डॉक्टरला तपासावं लागतं, मग समाजसेवकाने का तपासू नये, असा त्याचा सरळ सवाल. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या समाजसेवकांच्या राष्ट्रीय परिषदेचा अध्यक्ष म्हणून त्याने भर सभेत हेच मांडलं. नुसतं मांडून थांबला नाही, प्रयोगासाठी घरच्या ट्रस्टचा पैसा काढला.

केंब्रिज आणि समरव्हिल ही बोस्टनला लागून असलेली दोन गावं. कारखाने, दाट वस्ती, गरिबी. तिथली १२ वर्षांखालची ५०६ मुलं निवडली. काही 'वाया जाणार' म्हणून शिक्षकांनी-पोलिसांनी बोट दाखवलेली, काही सर्वसाधारण. वय, घरची परिस्थिती, बुद्धी, वस्ती बघून एकसारख्या दोन-दोन मुलांच्या जोड्या लावल्या. मग प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवलं. एक मुलगा कार्यक्रमात, दुसरा बाहेर. २५३ आत, २५३ बाहेर.

कुणाला हे क्रूर वाटेल. पण विचार करा, पैसे २५३ मुलांपुरतेच होते. उरलेल्यांना तसंही काही मिळणार नव्हतं. नाण्यामुळे एवढंच झालं की वशिला चालला नाही, आणि हुशार पोरं आधी उचलली असंही झालं नाही. आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी सोडत निघते, तसंच समजा. फरक इतकाच की ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्याकडेही यांनी पुढे लक्ष ठेवलं.

कार्यक्रम १९३९ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी कॅबट वारला, पण काम चालू राहिलं. प्रत्येक मुलामागे एक समुपदेशक. महिन्यातून साधारण दोनदा घरी जायचं, आई-बापांशी बोलायचं. निम्म्याहून जास्त मुलांना अभ्यासाची शिकवणी. शंभराहून जास्त मुलांना डॉक्टरी मदत. पाव मुलांना उन्हाळी शिबिर. स्काउट, वायएमसीए वगैरेंशी गाठ घालून देणं. आणि हे सहा महिन्यांचं प्रोजेक्ट नव्हतं, सरासरी साडेपाच वर्षं चाललं. मधे महायुद्ध आलं, समुपदेशक सैन्यात गेले, मोठी झालेली पोरंही गेली. १९४५ मध्ये कार्यक्रम बंद झाला.

लगेच केलेल्या तपासणीत दोन्ही गटांत गुन्हेगारीचा फरक दिसला नाही. लोक म्हणाले, थांबा, फळ उशिरा येईल.

इथे ती चिवट बाई येते. जोन मॅकॉर्ड. १९७०च्या दशकात त्यांनी या ५०६ जणांचा माग काढायला घेतला. तेव्हा ती पोरं चाळिशी-पन्नाशीतले बाप्ये झाली होती. कोर्टाची दप्तरं, मानसोपचार रुग्णालयांची दप्तरं, मृत्यूच्या नोंदी, पत्रं, मुलाखती. बहुतेक सगळी माणसं सापडली. या कामाला पैसा दिला तो अमेरिकी सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेने. डोळ्यासमोर आणा: तीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कार्यक्रमाचं काय झालं हे बघायला सरकार पैसे देतंय. आपल्याकडे मागच्या वर्षी बंद पडलेल्या योजनेची फाईल सापडत नाही.

आधी त्या माणसांनाच विचारलं, कार्यक्रमाचा उपयोग झाला का? दोन-तृतीयांश जण म्हणाले, हो, झाला. समुपदेशकांची नावं आठवून सांगितली. काही म्हणाले, ते नसते तर मी तुरुंगात असतो.

मग आकडे लावले, आणि १९७८ मध्ये छापून आलेला निष्कर्ष वाचून भल्याभल्यांना घाम फुटला. कार्यक्रमातली मुलं बाहेरच्यांपेक्षा बरी निघाली नव्हती, उलट काही बाबतीत वाईट. एकदा गुन्हा केलेल्यांपैकी दुसऱ्यांदा करणारे: कार्यक्रमातले ७८ टक्के, बाहेरचे ६७ टक्के. दारूचं व्यसन जास्त, गंभीर मानसिक आजार जास्त, मरण पावले ते लवकर. आणि ज्या बाबतीत कार्यक्रमातली मुलं सरस ठरली अशी गोष्ट मॅकॉर्डबाईंना एकही सापडली नाही.

चांगली माणसं, चांगला हेतू, साडेपाच वर्षं, भरपूर पैसा. तरीही?

उत्तराचा एक तुकडा मिळायला आणखी वीस वर्षं लागली. १९९९ मध्ये मॅकॉर्ड आणि दोन सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा उकलली. नुकसान मुख्यतः त्या मुलांचं झालेलं दिसलं ज्यांना उन्हाळी शिबिराला एकापेक्षा जास्त वेळा पाठवलं होतं. म्हणजे घरी जाऊन भेटण्याने वाटोळं झालं नव्हतं. आडवाटेला लागलेली पोरं मोकळ्या वेळात एकत्र ठेवली, की ती एकमेकांना शिकवतात. आणि काय शिकवतात हे सांगायला नको. गावातल्या कुठल्याही म्हातारीने हे फुकट सांगितलं असतं, म्हणाल तुम्ही. खरंय. पण म्हातारीने हेही सांगितलं असतं की शिबिराने पोरगं सुधारतं. दोन्हीपैकी कुठलं खरं, ते नाण्यामुळे आणि साठ वर्षं जपून ठेवलेल्या कागदांमुळे कळलं.

या प्रयोगाचा मला समजलेला पहिला धडा असा: लाभार्थी आभार मानतो हा पुरावा नव्हे. दुसरा धडा पैशाचा आहे. 'उपयोग झाला का' एवढं कळायला एकदा पैसे लागतात. 'का झाला, का नाही झाला' हे कळायला पुन्हा पुन्हा लागतात.

आता १९९०च्या दशकात या. अमेरिकेत बहुतेक घरांत आई आणि बाप दोघंही कामावर. १९९२ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनच्या किशोरवयीन मुलांविषयीच्या मंडळाने शाळेबाहेरच्या वेळेवर मोठा अहवाल काढला. पोलिसांच्या आकडेवारीतून दिसत होतं की शाळेच्या दिवशी अल्पवयीन मुलांचे हिंसक गुन्हे सर्वांत जास्त घडतात ते दुपारी तीननंतर, म्हणजे शाळा सुटल्या-सुटल्या. राजकारण्यांना असा एक आकडा मिळाला की काम होतं.

१९९४ च्या शिक्षण कायद्यात एक छोटी योजना घातली गेली होती, शाळांच्या इमारती गावासाठी उघड्या ठेवण्याची. नाव भारदस्त: '२१व्या शतकाची सामुदायिक शिक्षण केंद्रं'. क्लिंटन सरकारने १९९८ पासून ती शाळेनंतरच्या वर्गांकडे वळवली, मॉट फाउंडेशन या खासगी न्यासाने सोबत मोठी रक्कम लावली, आणि योजना धावत सुटली. १९९८ मध्ये ४ कोटी डॉलर. १९९९ मध्ये २० कोटी. २००० मध्ये ४५ कोटी. २००२ मध्ये १०० कोटी डॉलर. चार वर्षांत पंचवीस पट! दोन्ही पक्ष खूश. पोरांना वर्ग, आई-बापांना निश्चिंती, आमदार-खासदारांना फोटो. होय, फोटो तिकडेही असतात.

सोबत शिक्षण खात्याने मूल्यमापनाचं कंत्राट मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेला दिलं. पद्धत कडक होती. प्राथमिक शाळांत जिथे जागांपेक्षा अर्ज जास्त, तिथे सोडत. म्हणजे पुन्हा कॅबटचं नाणं. वरच्या वर्गांत मात्र सोडत शक्य नव्हती, म्हणून मिळत्याजुळत्या मुलांशी तुलना.

फेब्रुवारी २००३ मध्ये पहिल्या वर्षाचे निष्कर्ष आले. अभ्यासात जवळजवळ फरक नाही. घरी एकटं राहणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी झालं नाही, कारण वर्गाला येणारी बरीच मुलं एरवी आई-बापांजवळ किंवा मोठ्या भावंडांजवळ असतीच. आणि एक साधा आकडा: सहावी ते आठवीची मुलं वर्गाला आठवड्यातून जेमतेम एक दिवस येत होती. प्राथमिकची दोन दिवसांच्या आसपास.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

अहवाल आला आणि बुश सरकारने त्यावर बोट ठेवून पुढच्या अर्थसंकल्पात योजना १०० कोटींवरून ६० कोटी डॉलरवर आणायचं सुचवलं. ४० टक्के कपात. लाखो मुलांचे वर्ग बंद पडले असते. एकच गदारोळ. संशोधक म्हणाले, हा एका वर्षाचा अभ्यास आहे, वरच्या वर्गांतल्या तुलनेचे दोन गट मुळात सारखे नव्हते, आणि यातली अनेक केंद्रं नुकती उभी राहिली होती. मे महिन्यात सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला श्वार्झनेगर आला. त्याने आदल्याच वर्षी कॅलिफोर्नियात शाळेनंतरच्या वर्गांना वर्षाला ५५ कोटी डॉलरपर्यंत देणारा प्रस्ताव जनमताने मंजूर करून घेतला होता. तोही बुश यांच्याच पक्षाचा. शेवटी संसदेने कपात फेटाळली आणि रक्कम १०० कोटींच्या जवळ कायम राहिली.

आता बघा, दोन्ही बाजूंनी काय केलं. एका बाजूने अहवालाची कुऱ्हाड केली. दुसऱ्या बाजूने अहवालच कुचकामी ठरवायचा प्रयत्न केला. पण 'पोरं येत का नाहीत?' हा अहवालातला सर्वांत कामाचा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. मूल आठवड्यात एक दिवस येत असेल, तर गणित सुधारेल कसं? पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, पेशंटने एक दिवस घेतली, आणि आपण म्हणतो औषध लागू पडत नाही. किंवा मग असंही असेल की औषधच इतकं कडू की कुणी घेत नाही. दोन्ही शक्यता आहेत. कुठली खरी, ते शोधायला वेगळा अभ्यास लागतो, वेगळा पैसा लागतो.

तो पैसा आला, पण निवांतपणे, गदारोळ शमल्यावर. विल्यम टी. ग्रँट फाउंडेशन नावाचा न्यास १९३६ पासून मुलांवरच्या संशोधनाला पैसा देत आलाय. त्यांच्या मदतीने डरलॅक आणि वाइसबर्ग या दोघा अभ्यासकांनी मुलांच्या वागणुकीवर, आत्मविश्वासावर काम करणाऱ्या ७३ कार्यक्रमांचे निष्कर्ष २००७ मध्ये एकत्र मांडले. प्रश्न बदलला होता. 'उपयोग होतो का' याऐवजी 'कुठल्याचा होतो'. उत्तर स्वच्छ आलं. ज्या कार्यक्रमांत पायरीपायरीने शिकवायचा आराखडा होता, मुलं स्वतः करून बघत होती, ठरावीक कौशल्यासाठी राखून वेळ दिला होता आणि आपण नेमकं काय शिकवतोय हे शिकवणाऱ्याला माहीत होतं, त्यांत मुलांच्या वागण्यात आणि अभ्यासातही फरक दिसला. ज्यांत हे नव्हतं, त्यांत काहीच दिसला नाही. सगळ्यांची सरासरी काढली की चांगल्याचं पाणी वाईटात मिसळून सगळंच मचूळ लागतं.

सरकारनेही पुढे अभ्यास केला. शाळेनंतरच्या वर्गात गृहपाठ उरकून घेण्याऐवजी नीट आखलेला अभ्यासक्रम शिकवला तर? २००८-०९ मध्ये निष्कर्ष आले: गणितात थोडा फायदा झाला, वाचनात नाही. थोडाच, पण खरा. आणि वाचनात का नाही, हा पुढचा प्रश्न हातात आला. संशोधन असं चालतं, एका अहवालात निकाल लागत नाही.

पण राजकारणाला निकाल हवा असतो. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने योजना पूर्ण बंद करायचं सुचवलं. तोपर्यंत ती १२० कोटी डॉलरच्या घरात गेली होती. अर्थसंकल्पाचे प्रमुख मिक मल्व्हेनी पत्रकारांना म्हणाले की या कार्यक्रमांनी मुलं शाळेत पुढे जातात याचा पुरावा नाही. संसदेने पुन्हा ऐकलं नाही.

२०२५ मध्ये तर कमाल झाली. फेब्रुवारीत शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेची ८९ कंत्राटं एका झटक्यात रद्द केली, किंमत सुमारे ९० कोटी डॉलर. शिक्षणात काय चालतं, काय चालत नाही हे शोधणारी हीच ती संस्था. जुलैमध्ये शाळेनंतरच्या वर्गांचे १३० कोटींच्या वरचे डॉलर अडवून ठेवले. राज्यं आरडाओरड करू लागली, सत्ताधारी पक्षाच्या सिनेटरांनीही पत्र लिहिलं, तेव्हा महिना संपायच्या आत ते सोडले.

हा क्रम नीट पाहा. आधी म्हणायचं पुरावा नाही. मग पुरावा गोळा करणाऱ्यांचे पैसे बंद करायचे. पुढच्या वेळी पुरावा नाही म्हणायला आणखी सोपं.

आणि एक बोचणारी गोष्ट. गरिबांच्या पोरांच्या दोन तासांसाठी जेवढा पुरावा मागितला जातो, तेवढा हायवेच्या टेंडरसाठी किंवा उद्योगांच्या करसवलतीसाठी कधी मागितला जातो का? तिकडेही नाही, इकडेही नाही. पण याचा अर्थ पोरांच्या कार्यक्रमाचा हिशेब मागू नये असा होत नाही. उलट तो हिशेब पोरांच्या बाजूच्या माणसांनी आधी मागायला हवा, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्याची कुऱ्हाड करता येणार नाही.

आता मुंबई.

१९९४-९५ मध्ये माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईच्या वस्त्यांमधून 'प्रथम'चं काम सुरू केलं. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीची मुलं, पण पहिलीचं वाचता येत नाही. त्यांच्यासाठी 'बालसखी' निघाली. वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी, मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची. हे शाळेच्या वेळेतच चालायचं, पण शिकवण्याची रीत शिकवणीसारखी, मुलाला जिथे येतंय तिथून पुढे नेणारी.

२००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात याचा सोडतीच्या पद्धतीने अभ्यास झाला. करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. बॅनर्जींची आई निर्मला या मूळच्या पाटणकर, आपल्या मराठी. पैसा आयसीआयसीआय, जागतिक बँक आणि काही परदेशी न्यासांचा. निष्कर्ष: मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले, मागे पडलेल्यांचे जास्त. आणि तेवढ्याच प्रामाणिकपणे पुढची ओळ: कार्यक्रम सुटल्यावर वर्षभरात फायद्याचा मोठा भाग ओसरला. २०१९ मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते ज्या पद्धतीच्या कामासाठी मिळालं, त्यातलं एक काम आपल्या महापालिकेच्या शाळांच्या बाकांवर झालंय, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

'प्रथम' पुढे उत्तर प्रदेशच्या जौनपूर जिल्ह्यात गेली. २००५-०६. २८० गावांचा अभ्यास, त्यातल्या ६५ गावांत गावातल्याच तरुणांनी शाळा सुटल्यानंतर वाचनवर्ग घेतले. बिनपगारी. हा मात्र अगदी आपला विषय, शाळेनंतरचा वर्ग. ज्या मुलांना अक्षरओळख नव्हती आणि जी वर्गाला आली, ती वर्षभरात अक्षरं ओळखू लागली. इतका मोठा फरक कुठल्याही शिक्षणप्रयोगात क्वचित दिसतो. पण गावातली किती मुलं आली? ८ टक्के. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यातलीही १३ टक्केच.

अमेरिकेतलं ते आठवड्यातून एक दिवस येणारं मूल, आणि जौनपूरचं न आलेलं मूल. देश वेगळे, पैसा वेगळा, प्रश्न एकच. पोरगं येतच नाही. का येत नाही? शेतावर जातं, भावंडं सांभाळतं, मुलीला अंधार पडायच्या आत घरी यावं लागतं, की वर्गातच कंटाळा येतो? हे कळल्याशिवाय पुढचा रुपया कुठे घालायचा ते कळणार नाही. जौनपूरच्या निष्कर्षावर 'प्रथम'ने वर्ग गुंडाळले नाहीत. पुढे हीच रीत शाळेच्या वेळेत, शिक्षकांना सोबत घेऊन करून बघितली, सरकारांबरोबर. अभ्यास वापरायचा तो असा.

आता आपलं दार.

तालुक्याच्या गावात वीस वर्षं बातमीदारी करताना एक गोष्ट सतत दिसते. संध्याकाळच्या वर्गाचं उद्घाटन होतं, अभ्यासिकेची फीत कापली जाते, दप्तरं-वह्या वाटल्या जातात. प्रेस नोट येते, फोटो येतो. वर्षभराने काय झालं याची प्रेस नोट येत नाही. कुठल्या तरी फेब्रुवारीत जाऊन बघावं तर वर्गाला कुलूप, किंवा चाळीसपैकी सात पोरं. शिकवणारी ताई मात्र तिथेच असते, दोन-दोन महिने मानधन थकलेलं असूनही.

यातला बराच पैसा आता कंपन्यांच्या सीएसआरमधून येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायला लावले. २०२१ पासून परिणामांचं मूल्यमापनही सक्तीचं झालं. पण कुणासाठी? ज्या कंपनीची सीएसआरची जबाबदारी सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे तिच्यासाठी, आणि तेही १ कोटी किंवा जास्त खर्चाच्या प्रकल्पांपुरतं. आपल्या गावातला संध्याकाळचा वर्ग कितीचा असतो? पाच लाख, दहा लाख. म्हणजे लहान गावातलं पोरगं कायद्याने मोजणीच्या बाहेर.

अमेरिकेच्या त्या योजनेत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. राज्याला मिळालेल्या रकमेतले ठरावीक टक्के देखरेख, प्रशिक्षण आणि मूल्यमापन यांसाठी ठेवता येतात, हे कायद्यातच लिहिलंय. २००२ च्या कायद्यात ३ टक्क्यांपर्यंत, २०१५ च्या कायद्यात ५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे मोजणीचा पैसा उरला-सुरला नसतो, पहिल्या दिवशीच बाजूला निघतो. दहा लाखांच्या वर्गात ५ टक्के म्हणजे पन्नास हजार. फार नाहीत. पण तेवढ्यातही बरंच होतं.

पहिलं, हजेरी. खरी, रोजची. किती मुलं नोंदली, किती आली, कोण यायची बंद झाली, आणि बंद झालेल्यांच्या घरी जाऊन एकदा का म्हणून विचारणं.

दुसरं, सुरुवातीला आणि शेवटी एक छोटी तपासणी. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. यातलं मुलाला काय वाचता येतं. 'असर'चे सर्वेक्षक २००५ पासून घरोघर जाऊन हेच एका कागदावर करतात. बारावी झालेली पोरगी पाच मिनिटांत एका मुलाची तपासणी करते.

तिसरं, जागा चाळीस आणि अर्ज नव्वद असतील तर सोडत काढा. नगरसेवकाची चिठ्ठी बंद होईल, आणि नंबर न लागलेल्या पन्नास जणांचीही वर्षाअखेर तीच तपासणी केली तर वर्गाने फरक पडला की पोरं तशीही शिकली असती, हे कळेल. लाखोंचा संशोधन प्रकल्प लागत नाही. जवळच्या डी.एड., बी.एड. किंवा समाजकार्य महाविद्यालयाची पोरं हा अभ्यास करू शकतात.

चौथं, आणि हे पैसे देणाऱ्यांसाठी. आकडे वाईट आले तर वर्ग बंद करायचा नाही, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर आकडे वाईट येणारच नाहीत. ज्या ताईचं मानधन अहवालावर अवलंबून आहे, तिच्या हजेरीपटात चाळीसच्या चाळीस पोरं रोज हजर असतात. दोष तिचा नाही. हिशेब शिक्षा म्हणून मागितला की हिशेब खोटाच मिळतो. २००३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये तेच झालं, फक्त मोठ्या आकड्यांनी. अहवाल कपातीसाठी वापरला जातोय म्हटल्यावर पोरांच्या बाजूच्या माणसांनीही अहवालाकडे पाठ फिरवली.

कॅबटने नाणं उडवलं तेव्हा त्याला उत्तर माहीत नव्हतं. त्याचा कार्यक्रम फसला हे त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी कळलं. तरी मला वाटतं, त्याच्या पैशाइतका सत्कारणी लागलेला समाजकामातला पैसा कमी असेल, कारण शिबिरांचा तो धोका आज जगाला माहीत आहे तो त्याने कागद ठेवायला लावले म्हणून. कार्यक्रम फसला, पण पैसा वाया गेला नाही. आपल्याकडे उलटं होतं. चांगले चाललेले वर्गसुद्धा कागद न ठेवता बंद पडतात. मग पुढचा देणगीदार शून्यापासून सुरुवात करतो. पुन्हा फीत, पुन्हा फोटो.

तुमच्या गावात असा वर्ग असेल तर या आठवड्यात संध्याकाळी एक चक्कर मारा. भाषण नको, शाल-श्रीफळ नको. पोरं मोजा, आणि त्या ताईला विचारा, जूनमध्ये किती होती? जी येत नाहीत ती का येत नाहीत, हे तिला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त माहीत असतं. फक्त तिला ते आजवर कुणी विचारलेलं नसतं. ती काय म्हणाली ते इथे जरूर लिहा. गावाचं नाव लिहा, तिचं नको.